जड औषध आणि हलके औषध

(संस्थेच्या वार्षिक समारंभात पालक व विद्यार्थी यांच्यासमोर एका भूलतज्ज्ञ डॉक्टरीणबाईंनी दिलेल्या भाषणाचा मजकूर)



संस्थेच्या चिटणीसांनी बोलावणे पाठविले तेव्हा विषय माझ्यावरच सोपविला. अशा व्यासपीठावरून 'शिक्षणाचे महत्त्व' सांगावयाचे, अशी प्रथा आहे. परंतु ते महत्त्व आपणांस पटलेले आहे, म्हणून तर आपण मुलाबाळांसह येथे आलात. तेव्हा मी आज माझ्या रोजच्या कामातील एक लहानशी गोष्ट घेऊन आले आहे. ती आहे काचेच्या दोन कुप्यांची. त्यांना आम्ही अँप्यूल म्हणतो. दोन्हींत औषध एकच, त्याचे प्रमाणही एकच आणि रंग पाण्यासारखा. फरक एवढाच, की एकीत थोडी साखर विरघळविलेली आहे, दुसरीत नाही. पहिलीला ऑपरेशन थिएटरमध्ये 'हेवी' म्हणतात, दुसरीला 'प्लेन'. या साखरेमुळे किती फरक पडतो, आणि तो फरक ठाऊक असणे किंवा नसणे यावर काय अवलंबून असते, एवढेच मला सांगावयाचे आहे.

प्रथम एक प्रसंग सांगते. काही वर्षांपूर्वी एका रात्री मला सिझेरियनसाठी बोलावणे आले. मुलगी बावीस-तेवीस वर्षांची, पहिलटकरीण. पोटातील बाळाच्या हृदयाचे ठोके मंदावू लागले होते. मी पाठीत इंजेक्शन देऊन कमरेखालचा भाग बधिर करण्याची तयारी केली. तेवढ्यात तिची सासू दाराशी आली आणि म्हणाली, "बाई, काही करा, पण पोरीच्या पाठीत सुई घालू नका. आमच्या गल्लीत एकीला दिली होती, ती जन्माची कंबर धरून बसली. हिला पूर्ण झोपवा." नवरा खाली मान घालून उभा होता. अब्बांना फोन करून विचारतो, म्हणाला. फोन लागेना. मुलीने तासाभरापूर्वीच पोटभर खाल्ले होते. अशा वेळी पूर्ण भूल दिली तर पोटातील अन्न उलटून फुप्फुसात जाण्याची भीती असते, आणि गरोदर बाईच्या श्वासनलिकेत नळी घालणेही इतरांपेक्षा अवघड जाते. हे सर्व त्या दाराशी उभे राहून समजावून सांगण्यात वीस मिनिटे गेली. अखेरीस त्या मुलीनेच कळा सोसत सांगितले, "मला चालेल, डॉक्टर. द्या तुम्ही." तोपर्यंत तिला कोणी विचारलेच नव्हते.

अल्लाहच्या कृपेने दोघेही सुखरूप घरी गेली. परंतु बाळ जन्मतः रडले नाही. त्याला काही दिवस नवजात बालकांच्या कक्षात ठेवावे लागले. ती वीस मिनिटे गेली नसती तर काय झाले असते, हे कोणी सांगू शकत नाही. ती माऊली वाईट नव्हती. सुनेच्या काळजीनेच ती बोलत होती. पण तिला जे ठाऊक होते ते गल्लीतून आलेले होते, आणि जे ठाऊक असावयास हवे होते ते तिच्यापर्यंत कोणी पोहोचविले नव्हते. तो दोष तिच्याइतकाच आम्हा शिकलेल्यांचाही आहे. तो थोडासा भरून काढावा, हा आजच्या बोलण्याचा हेतू आहे.

आता ही भूल म्हणजे काय ते पाहू. पाठीच्या कण्यात वरपासून खालपर्यंत एक पोकळी असते. मेंदूपासून निघालेला मज्जारज्जू तीतून खाली येतो. त्याच्याभोवती पाण्यासारखा स्वच्छ द्रव असतो. प्रौढ माणसाच्या मेंदूभोवती आणि कण्यात मिळून तो सुमारे १५० मिलिलिटर भरतो आणि दिवसभरात त्याच्या तिपटीहून अधिक नवा तयार होत राहतो. आता लक्षात ठेवण्याची गोष्ट अशी, की मोठ्या माणसात हा मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशीच संपतो. त्याखाली घोड्याच्या शेपटीसारखा मज्जातंतूंचा झुपका त्या द्रवात तरंगत असतो. आम्ही सुई घालतो ती त्याखाली, तिसऱ्या-चौथ्या किंवा चौथ्या-पाचव्या मणक्यांच्या मधील फटीत. म्हणजे 'सुईने मणका फुटतो', 'रज्जू तुटतो' ही जी भीती आहे, ती जागा मुळात आम्ही टाळूनच सुई घालतो.

या द्रवात दोन-तीन मिलिलिटर औषध सोडले की काही मिनिटांत पाय जड होतात, बधिर होतात आणि शस्त्रक्रिया करता येते. माणूस जागा असतो. आई बाळाचा पहिला आवाज ऐकते. इच्छा असेल तर ती मनात कलमा किंवा दुआ म्हणू शकते. आमच्या दृष्टीने खरा प्रश्न पुढे येतो: हे सोडलेले औषध आत कोठपर्यंत जाईल? पायाच्या शस्त्रक्रियेला बेंबीपर्यंत बधिरता पुरते. सिझेरियनला ती छातीच्या मध्यापर्यंत चढावी लागते. त्याहून फार वर गेली तर रक्तदाब घसरतो, श्वासालाही त्रास होतो. आत डोकावून पाहण्याची सोय नाही. मग औषधाने कोठे जावे हे ठरवावयाचे कसे?

याचे उत्तर आपल्या घरातच आहे. रमजानमध्ये इफ्तारीच्या वेळी काचेच्या पेल्यातील पाण्यात लाल सरबताचा पाक हळूच ओता. तो कोठे जातो? सरळ तळाशी जाऊन बसतो. पेला तिरपा करा, पाकही त्या कडेला सरकतो. पाक पाण्याहून जड आहे, म्हणजे तेवढ्याच जागेत त्याचे वजन अधिक भरते. विज्ञानाच्या पुस्तकात यालाच घनता म्हटले आहे. सातवी-आठवीच्या मुलांनी हा प्रकरणाचा भाग गुण मिळविण्यासाठी पाठ केला असेल. माझा सारा दिवस मात्र त्याच्यावर चालतो.

कण्यातील द्रवाच्या एका मिलिलिटरचे वजन शरीराच्या उष्णतेला, म्हणजे ३७ अंशांना, सुमारे १.०००३ ग्रॅम असते. आमचे नेहमीचे औषध आहे ब्युपिव्हाकेन. ते दोन्ही कुप्यांत अर्धा टक्का, म्हणजे दर मिलिलिटरला ५ मिलिग्रॅम असते. हेवी कुपीत त्याशिवाय दर मिलिलिटरला ८० मिलिग्रॅम ग्लुकोज घातलेले असते. त्यामुळे त्याच्या एका मिलिलिटरचे वजन १.०२ ग्रॅमच्या आसपास जाते. द्रवाहून सुमारे २० मिलिग्रॅम अधिक. तांदळाच्या एका दाण्याचे वजन साधारण एवढेच भरेल. प्लेन औषध मात्र शरीराच्या उबेला द्रवाहून जेमतेम एक मिलिग्रॅम हलके असते. पुस्तकांत त्याला 'समघन' म्हणण्याची रीत आहे, पण काटेकोर मोजले तर ते किंचित हलकेच आहे. एका तांदळाच्या दाण्याइतक्या या फरकाने औषध खाली जाणार की जेथे सोडले तेथेच घुटमळणार, हे ठरते.

येथे एक गैरसमज दूर करते. 'हेवी' हा शब्द कानावर पडला की नातेवाईक विचारतात, "डॉक्टर, हेवी डोस का देता? साधा द्या ना." हेवी म्हणजे जोरदार नव्हे. हेवी म्हणजे फक्त वजनाने जड. औषधाची ताकद दोन्हींत सारखीच. दुसरा प्रश्न मधुमेही लोक विचारतात, "त्यात साखर आहे म्हणता, मग माझी शुगर वाढणार नाही का?" हिशेब आपणच करा. तीन मिलिलिटर हेवी औषधात ग्लुकोज २४० मिलिग्रॅम, म्हणजे पाव ग्रॅमही नाही. चहात आपण एक चमचा साखर घालतो ती चार-पाच ग्रॅम असते. त्या हिशेबाने ही साखर नगण्य आहे.

ही साखर घालण्याची कल्पना कोणाची? पाठीतील भुलीचा पहिला यशस्वी प्रयोग जर्मनीतील कील येथे ऑगस्ट बीअर या सर्जनने १८९८ च्या ऑगस्ट महिन्यात केला. औषध होते कोकेन. त्याच महिन्यात बीअर आणि त्यांचे सहायक हिल्डेब्रांट यांनी हा प्रयोग एकमेकांवरही करून पाहिला. हिल्डेब्रांटच्या नडगीवर हातोडीने मारले तरी त्यांना कळले नाही. दुसऱ्या दिवसापासून मात्र बीअर यांना अनेक दिवस डोकेदुखीने बेजार केले. सुईच्या छिद्रातून बराच द्रव वाहून गेला होता. त्या काळी भूल कधी लागे, कधी लागत नसे, कधी भलतीच वर चढे. रुग्ण दगावतही.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेज हॉस्पिटलमधील सर्जन आर्थर बार्कर यांनी या अनिश्चिततेचा विचार केला. त्यांनी काचेची एक नळी कण्याच्या वळणांप्रमाणे वाकवून घेतली, तीत द्रव भरला आणि रंगीत औषध सोडून ते कोठे जाते ते पाहिले. मग स्टोव्हेन या तेव्हाच्या नव्या औषधात पाच टक्के ग्लुकोज मिसळून त्यांनी ते मुद्दाम जड केले आणि १९०७ साली आपले अनुभव प्रसिद्ध केले. त्यांचे म्हणणे साधे होते: औषध जड करा, मग ते पृथ्वीच्या ओढीने खाली जाईल. रुग्णाला जसे झोपवाल, तशी 'खालची' बाजू बदलेल. म्हणजे औषधाची वाट रुग्णाच्या शरीराच्या स्थितीने ठरविता येईल. विद्यार्थी मित्रांनो, प्रयोगासाठी साधन काय लागले? वाकविलेली एक नळी, साखर आणि रंग. ते आपल्या शाळेच्या प्रयोगशाळेतही मिळेल.

बार्करांच्या नळीत जे दिसले ते असे. माणूस उताणा झोपला की त्याचा कणा सपाट नसतो. दोन चढउतार असलेल्या पन्हळीसारखा असतो. कमरेचा बाक हा उंचवटा. त्याचा माथा तिसऱ्या मणक्यापाशी येतो. छातीच्या पाचव्या-सहाव्या मणक्यापाशी खोलगट भाग येतो. माथ्याजवळ सोडलेले जड औषध दोन्ही बाजूंना घरंगळते. काही खाली माकडहाडाकडे, काही वर छातीच्या खोलगट भागाकडे. तेथे पोहोचून ते थांबते, कारण पुढे मानेकडे पुन्हा चढ आहे. म्हणून हेवी औषध सिझेरियनला लागेल तेवढे वर चढते, आणि बहुधा त्यापुढे जात नाही.

आता दोन्हींची तुलना करू. हेवी औषधाचा परिणाम लवकर दिसतो आणि बधिरता कोठपर्यंत चढेल याचा अंदाज अधिक भरवशाचा असतो. तो उतरतोही लवकर, साधारणपणे दीड-दोन तासांत. प्लेन औषध सावकाश चढते. ते कोणाला बेंबीपर्यंतच, तर कोणाला पार छातीपर्यंत जाते, आधी खात्रीने सांगता येत नाही. पण पायांत ते अधिक काळ टिकते. म्हणून पायाच्या किंवा खुब्याच्या लांबणाऱ्या शस्त्रक्रियेला पुष्कळ भूलतज्ज्ञ ते पसंत करतात. सिझेरियनमध्ये या दोहोंची तुलना करणाऱ्या प्रयोगांचा एकत्रित आढावा २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्यात हेवी औषधाने हवी ती पातळी सुमारे एक मिनिट आधी गाठली, पण भूल अपुरी पडून पूर्ण भूल द्यावी लागण्याच्या प्रसंगांत दोहोंत निश्चित फरक दिसला नाही. मात्र उपलब्ध प्रयोग लहान असल्याने हा पुरावा भक्कम मानता येत नाही, हेही त्याच लेखकांनी लिहिले. आपल्या निष्कर्षाची मर्यादा आपणच सांगावयाची, हा शास्त्राचा प्रामाणिकपणा विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावा.

मूळव्याधीच्या शस्त्रक्रियेला रुग्णाला बसवून थोडे हेवी औषध दिले आणि काही मिनिटे बसवून ठेवले, तर ते तळाशी उतरते आणि खोगिराची जागा जेवढी, तेवढाच भाग बधिर होतो. एका पायाची शस्त्रक्रिया असेल तर रुग्णाला त्या कुशीवर दहा-पंधरा मिनिटे ठेवतात. औषध बहुतांशी त्याच बाजूला राहते. याच्या उलट म्हातारा माणूस पडून खुबा मोडलेला असेल, तर मोडक्या बाजूवर झोपविणे म्हणजे छळ. अशा वेळी द्रवाहून हलके औषध उपयोगी पडते. मोडकी बाजू वर ठेवून त्याला कुशीवर झोपवावयाचे, आणि औषध आपोआप वर चढते. १९३० च्या सुमारास इंग्लंडमध्ये हॉवर्ड जोन्स यांनी न्यूपरकेन हे असे हलके औषध प्रचारात आणले होते. जड चांगले की हलके, या प्रश्नाला म्हणून एकच उत्तर नाही. रुग्ण कोण, शस्त्रक्रिया कोणती आणि त्याला कसे झोपवता येईल, हे पाहूनच उत्तर द्यावे लागते.

माझीच एक चूक सांगते. मी शिकत होते तेव्हाची गोष्ट. मूळव्याधीचा एक रुग्ण होता. त्याला बसवून मी औषध दिले आणि पाच मिनिटे बसवून ठेवले. सर्जननी चिमटा लावताच तो ओरडला. जो भाग बधिर व्हावयाचा तो नीट बधिर नव्हता, पायांची शक्ती मात्र चालली होती. रिकामी कुपी उचलून पाहिली तर ती प्लेनची होती. ट्रेमध्ये दोन्ही कुप्या शेजारी होत्या आणि मी न वाचता उचलली होती. जे औषध खाली उतरावे, ते हलके असल्यामुळे वर गेले होते. त्या रुग्णाला पूर्ण भूल द्यावी लागली. माझ्या मॅडमनी सर्वांसमोर रागावणे टाळले. नंतर मला एवढेच म्हणाल्या, "उद्यापासून कुपी फोडण्यापूर्वी तिच्यावरचे नाव मोठ्याने वाचायचे. मला ऐकू आले पाहिजे." तेव्हापासून मी आजपर्यंत ते मोठ्यानेच वाचते आणि शेजारच्या सिस्टरला दाखविते.

माझी चूक स्वस्तात सुटली. पण असे सर्वत्र होत नाही. रक्तस्राव थांबविण्याचे ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड नावाचे औषध काही ठिकाणी तशाच दिसणाऱ्या कुपीत येते. ते चुकून पाठीत दिले गेल्याने जगात अनेक रुग्णांचे प्राण गेले आहेत. जागतिक आरोग्य संघटनेला २०२२ साली त्याबद्दल खास इशारा द्यावा लागला. नीट वाचणे ही गोष्ट आपण शाळेत पहिल्या इयत्तेत शिकतो. त्यावर कोणाचे आयुष्य अवलंबून असेल, हे मात्र तेव्हा ठाऊक नसते.

जडपणाचा गुण कधी दोषही होतो. १९९१ साली अमेरिकेतील डॉक्टरांनी चार रुग्णांची हकीगत प्रसिद्ध केली. त्यांच्या पाठीत नळी ठेवून औषध थोडे थोडे दिले होते. औषध एकाच जागी साचत गेले, बधिरता चढेना म्हणून आणखी दिले गेले, आणि त्या घोड्याच्या शेपटीसारख्या मज्जातंतूंना कायमची इजा झाली. दोष साखरेचा नव्हता. औषध एकाच ठिकाणी फार दाट साचले, हा होता. पुढच्याच वर्षी, १९९२ मध्ये, अमेरिकन सरकारच्या औषध प्रशासनाने त्या अतिबारीक नळ्या बाजारातून काढावयास लावल्या. पाच टक्के जड लिग्नोकेन हे तेव्हा फार वापरात होते. भुलीनंतर नितंबात व पायांत वेदना होण्याच्या तक्रारी त्याच दशकात नोंदल्या गेल्यावर त्याचा वापरही पुष्कळ देशांत मागे पडला. हे मी लपवून ठेवीत नाही, कारण ज्या शास्त्रात चुका उघड लिहिल्या जातात, त्याच शास्त्रावर विश्वास ठेवावा.

आता त्या सासूबाईंच्या प्रश्नाकडे परत येते. पाठीत सुई घेतल्याने कंबर जन्माची दुखते का? सुईच्या जागी काही दिवस ठणका राहू शकतो. पण पाठीतील भुलीमुळे कायमची कंबरदुखी मागे लागते, असे अभ्यासांत आढळलेले नाही. गरोदरपणात पोटाच्या भाराने कमरेवर ताण येतो. पुढे बाळाला उचलणे, वाकून दूध पाजणे, रात्रीची जागरणे आणि अशक्तपणा. सिझेरियन न झालेल्या बायकांचीही कंबर दुखतेच. मग दोष सुईला मिळतो, कारण सुई आठवते, अशक्तपणा आठवत नाही. डोकेदुखी होऊ शकते. ती उठून बसले की वाढते, आडवे झाले की कमी होते. बारीक, पेन्सिलच्या टोकासारख्या सुया वापरल्याने तिचे प्रमाण शेकडा एकाच्या आसपास आले आहे, आणि तिच्यावर उपायही आहेत. आणि लकवा? ब्रिटनमध्ये पाठीतील सर्व प्रकारच्या भुलींची देशव्यापी नोंद झाली. सात लाखांवर रुग्णांच्या हिशेबाचा हा अहवाल २००९ साली आला. अगदी वाईटात वाईट धरून मोजले तरी कायमची इजा लाखात सुमारे चार जणांना झाली, आणि बाळंतिणींत ती त्याहूनही कमी होती. धोका शून्य आहे असे मी म्हणणार नाही. तो किती आहे, हे मोजून सांगता येते, एवढेच म्हणते.

पालकांना माझी विनंती आहे. शस्त्रक्रियेपूर्वी भूलतज्ज्ञाला भेटा आणि खुशाल विचारा: कोणती भूल देणार, का देणार, किती वेळ टिकेल? रुग्णाने शेवटचे कधी खाल्ले-प्यायले, रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का, पूर्वी भुलीचा काही त्रास झाला होता का, हे लपवू नका. रोजा असेल तर तेही सांगा. पाठीत इंजेक्शन देताना पाठ वाकवून स्थिर बसण्यास रुग्णाला धीर द्या. भुलीनंतर 'उशी सरकवू का', 'जरा उठवून बसवू का' असे कोणी आपल्या मनाने करू नये. औषध अजून जागा शोधत असते. पहिला अर्धा तास तर फारच, पण त्यानंतरही एकदम स्थिती बदलल्यास ते वर सरकू शकते. त्या सरबताच्या पेल्याची आठवण ठेवावी.

आणखी एक. सज्ञान, शुद्धीवर असलेल्या बाईची संमती ही तिचीच असते. सर्वोच्च न्यायालयाने २००८ च्या एका निकालात हे स्पष्ट केले आहे, की अशा रुग्णाच्या वतीने दुसऱ्या कोणी दिलेली संमती पुरेशी नाही. सासूने सल्ला द्यावा, नवऱ्याने धीर द्यावा, अब्बांनी दुआ द्यावी. पण पाठ जिची, तिला आधी विचारावे. आणि तिला उत्तर देता यावे म्हणून तिला शाळेत शिकू द्यावे.

शेवटी विद्यार्थ्यांसाठी. आपल्या सभांतून पूर्वजांच्या विद्वत्तेचा उल्लेख नेहमी होतो. घनतेच्याच विषयात एक खरा उल्लेख मला करता येतो. ख्वारिझमचे अबू रैहान अल् बिरूनी, जे हिंदुस्थानात आले आणि येथील शास्त्रांवर ग्रंथ लिहून गेले, त्यांनी सुमारे एक हजार वर्षांपूर्वी धातू आणि रत्ने यांची घनता मोजण्यासाठी चोच असलेले एक निमुळते भांडे बनविले. पाण्याने ते काठोकाठ भरावयाचे, त्यात रत्न टाकावयाचे आणि चोचीतून सांडलेले पाणी तोलावयाचे. गरम आणि थंड पाण्याच्या घनतेत फरक असतो, याकडेही त्यांचे लक्ष गेले होते. नंतर मर्व येथील अल् खाझिनी यांनी ११२१ च्या सुमारास 'मीझानुल हिकमा' हा तराजूवरचा ग्रंथ लिहिला. त्यांनी भुलीचे शास्त्र शोधले, असे कोणी म्हणू नये. ते खरे नाही, आणि खोट्या मोठेपणाची त्यांना गरजही नाही. त्यांनी काळजीपूर्वक तोलले आणि जे भरले ते लिहून ठेवले. बार्करांनी काचेच्या नळीत हेच केले. आम्ही आज थिएटरमध्ये कुपीवरील नाव मोठ्याने वाचतो, तेही त्याच घराण्यातील काम आहे. त्या नावांचा अभिमान बाळगून भागणार नाही. तराजू हातात घ्यावा लागेल.

घरी गेल्यावर मुलांनी एक करावे. एक पारदर्शक प्लास्टिकची नळी घ्यावी, पाणी भरावे, तिला कण्यासारखे वळण द्यावे आणि रंगीत पाक एका टोकाने सोडावा. तो कोठे थांबतो ते पाहावे आणि वहीत लिहावे. मग आपल्या अम्मीला, नानीला, दादीला बोलावून दाखवावे आणि समजावून सांगावे. तुमच्यापैकी किती जण डॉक्टर होतील ते मला ठाऊक नाही. पण ती नळी ज्या घरात एकदा पाहिली गेली, त्या घराच्या दाराशी अशी वीस मिनिटे पुन्हा जाणार नाहीत, अशी मला आशा आहे.

 अल्लाह आपल्या सर्वांना नफा देणारा इल्म देवो. खुदा हाफिज.